दवंडीतून गळलेलं वाक्य

आजवरच्या नोकरीत माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्या, पण मनापासून, मेहनत घेऊन आणि वर स्वतःचीच पाठ थोपटत केलेली चूक एकच. मी एक वाक्य गाळलं. सरकारी हुकमातलं चौथं, म्हणजे शेवटचं वाक्य. ते मला ऐकायला जड वाटलं, म्हणून.

आमच्याकडे लग्नामुंजीत पंगत उठली, पानाचं तबक फिरलं की पुतणे-भाचे गराडा घालतात, "काका, ते गुळाचं सांगा." मी सांगतो. दर खेपेला नदीचं पाणी दोन बोटं वर चढतं असं सौ.चं म्हणणं आहे. आता कागदावर लिहायचं म्हणजे पाणी जिथे होतं तिथेच ठेवावं लागेल. प्रयत्न करतो.

आमची कचेरी इन्कमटॅक्सची. गावात देवी टोचायला आलेल्या माणसाकडे आया ज्या नजरेने बघतात, तीच नजर आम्ही नाशिकच्या बाजारातून चाललो की आमच्या पाठीला लागते. बाहेरच्या माणसाला वाटतं, ही कचेरी पैशांवर चालते. ती चालते तारखांवर. व्यापाऱ्याला आमची नोटीस जाते. ती हाती पडल्यापासून तीस दिवसांत त्याने वर्षाच्या मिळकतीचं पत्रक भरून द्यायचं, आणि बोलावणं आलं की वह्या काखेत मारून यायचं. तीस दिवस उलटले, माणूस आला नाही किंवा वह्या दाखवू शकला नाही, तर साहेब आपल्या अंदाजाने कर बसवतात. आणि साहेबाचा अंदाज नेहमी पोटभर जेवलेला असतो. रिकाम्या दुकानातही त्याला छतापर्यंत भरलेली पोती दिसतात.

या सगळ्या कडू कारभारात गोड गोष्ट एकच, मुदतवाढ. ती देणं न देणं साहेबांच्या हातात. माझ्या हातात तिचा तर्जुमा. साहेब दक्षिणेकडचे, कावेरीकाठचे. त्यांना मराठी येत नव्हतं, आणि मला इंग्रजी येतं असा त्यांचा समज होता. त्या समजावर माझं घर चालत होतं.

त्या वर्षी भाद्रपदात गंगेला पूर आला. गोदावरी हे तिचं पुस्तकातलं नाव. आम्ही नाशिककर तिला गंगाच म्हणतो. दोन दिवस सगळं गाव नदीकाठच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेकडे डोळे लावून बसलं होतं, कारण पाणी किती चढलं हे विचारायचं तर आमच्याकडे त्या घंटेलाच विचारतात. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. मी कचेरीला निघालो आणि बाजाराच्या तोंडाशी पाय थबकले. सराफ बाजारापासून भांडीबाजारापर्यंत घराघरांमधून दोऱ्या ताणल्या होत्या आणि दोऱ्यांवर वह्यांची पानं वाळत घातली होती. शाई उतरून पानापानावर निळेकाळे ढग झाले होते. खाली रस्ताभर गाळ, वर हे ढग, आणि मध्ये गुडघ्यापर्यंत धोतर खोचून हिंडणारे शेटजी. वारा आला की सगळा बाजार एकदम पान उलटायचा. मी तिथे किती वेळ उभा राहिलो कोण जाणे. कचेरीत पोचलो तेव्हा हजेरीपटावर माझ्या नावापुढे लाल रेघ पडलेली होती.

साहेबांनी त्याच दिवशी हुकूम काढला. माणूस तोंडाने कोरडा, पण नदीकाठी वाढलेला. हुकमात चार वाक्यं. ज्यांच्या वह्या पुराने खराब झाल्या त्यांना पत्रक भरायला दोन महिने वाढवून मिळतील. पंधरा दिवसांत अर्ज करावा. अर्जात नाव, गाव, धंदा लिहावा. आणि खराब झालेल्या वह्या, त्या कोणत्याही स्थितीत असोत, जपून ठेवाव्यात व बोलावणे येताच दाखल कराव्यात. हा हुकूम मामलेदार कचेरीमार्फत नदीकाठच्या गावांतून दवंडीने कळवायचा होता. दवंडीचा मजकूर करायचं काम माझ्याकडे आलं.

आता दवंडीचा मजकूर म्हणजे माझ्यासारख्याला मेजवानी. एरवी 'सदरहू', 'उपरिनिर्दिष्ट' आणि 'येणेप्रमाणे' यांत जन्म चाललेला. मी दार लोटून घेतलं, बोटांनी टेबलावर ठेका धरला आणि लिहिलं:

"ऐका हो ऐका! गंगामाई दारी आली, वह्या-चोपड्यांना न्हाऊ घालून गेली. ज्यांची अक्षरं पुसली, ज्यांची पानं चिकटली, त्यांनी जिवाला घोर लावू नये. सरकारनं दोन महिन्यांची मुदत दिली आहे. पंधरा दिवसांत अर्ज द्यावा, नाव गाव धंदा लिहावा, आणि निवांत व्हावं हो!"

चौथं वाक्य काही केल्या ठेक्यात बसेना. पुढे घालून पाहिलं, मागे घालून पाहिलं, दोन तुकडे करून पाहिलं. 'दाखल कराव्यात' आलं की सगळी दवंडी चिखलात रुतलेल्या बैलासारखी बसायची. बाहेर मामलेदार कचेरीचा पट्टेवाला खाकरत होता. मी मनाशी म्हटलं, व्यापारी एक वेळ जेवण विसरेल, वही टाकील का? नाशिकचा बाजार तर डोळ्यांसमोर होता, एकेक पान चिमटीत धरून वाळवणारा. सांगायची गरजच काय? आणि मी ते वाक्य सोडून दिलं.

दुपारी जेवायला घरी गेलो तेव्हा सौ.ला मजकूर म्हणून दाखवला. ती तांदूळ निवडत होती.

"छान आहे," ती म्हणाली. "पण ते 'निवांत व्हावं' साहेबांनी म्हटलंय?"

"भावार्थ आहे तो."

"असं होय," ती म्हणाली, आणि एक खडा काढून बाजूला ठेवला.

अर्ज येऊ लागले. पंधरा दिवस कचेरीत ओल्या कागदांचा असा वास होता की डोळे मिटले तर आपण नदीच्या तळाशी बसून काम करतोय असं वाटावं. एका चिवडेवाल्याने अर्जाला एक वाळका मासा शिवून पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'सदर मासा दुकानाच्या गल्ल्यात मिळाला, पुरावा म्हणून सोबत जोडला आहे.' त्या माशाला आवक क्रमांक द्यायचा की नाही यावर आमच्या हेडक्लार्कने अर्धा दिवस विचार केला. शेवटी दिला. घोटीच्या एका भातगिरणीवाल्याचाही अर्ज आला. घोटी कुठे, पूर कुठे! त्याला बोलावून विचारलं, "तुमच्याकडे पाणी आलं होतं का?" तो म्हणाला, "नाय आलं. पण आलं असतं तर?" त्याला मुदत मिळाली नाही, पण त्याचा प्रश्न मला अजून अधूनमधून सुचतो.

नाशिकचे व्यापारी वाळवलेल्या वह्यांची गाठोडी घेऊन आले, दाखवून गेले. सगळं सुरळीत चाललं होतं. मग सायखेड्याची पाळी आली.

सायखेडं नदीच्या अगदी काठावरचं गाव. तिथले सात दुकानदार एकदम आले. पुढे उस्मानभाई. गुळाचे व्यापारी, पन्नाशीचे, अंगाने रुंद, आवाज मात्र घशात घोंगडी अडकल्यासारखा. सातही जण साहेबांच्या टेबलापुढे ओळीने उभे राहिले. सगळ्यांचे हात रिकामे.

"वह्या आणल्यात का?" मी विचारलं.

"वह्या?" उस्मानभाईंनी मागे वळून बाकीच्यांकडे पाहिलं. "वह्या गंगेला दिल्या की, भाऊसाहेब. समद्यांच्याच. सात दुकानं, सात गाठोडी."

"दिल्या म्हणजे?"

"म्हंजे सोडल्या. निस्ता चिखल भरलेला, पान सुटंना. आता माझ्या वहीवर अल्लाचं नाव, ह्या लोकांच्या वहीवर श्री. उकिरड्यावर टाकायच्या व्हय? का चुलीत घालायच्या?"

मागून एक म्हातारा वाणी म्हणाला, "हळदकुंकू वाहून सोडल्या, नारळ दिला. आन दवंडीत तर निवांत व्हा म्हनलं व्हतं."

मी साहेबांना इंग्रजीत सगळं सांगितलं. दवंडीचं तेवढं सांगितलं नाही. गाळायचा हात एकदा बसला की बसतो.

मला वाटलं होतं, साहेब भडकतील, सात जणांनी संगनमताने वह्या बुडवल्या म्हणतील. साहेब खिडकीबाहेर पाहू लागले. मग हळूच म्हणाले, "आमच्याकडे माझी आजी जुन्या ताडपत्रांच्या पोथ्या कावेरीत सोडायची. मी तिचा पदर धरून पाण्यात उभा असायचो. रिवाज मला ठाऊक आहे, त्याबद्दल माझा संशय नाही. पण यांना वह्या ठेवायला सांगितलं होतं. सांगितल्यावरही ज्याने सोडल्या, त्याला मी काय समजायचं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दवंडी पिटली गेली होती ना?"

"पिटली गेली होती, सर," मी म्हणालो.

या उत्तरात एक शब्द खोटा नव्हता. माझ्या आयुष्यात मी इतकं लबाड खरं कधी बोललो नाही.

साहेब म्हणाले, "शनिवारी तुम्ही स्वतः जा. गावात काय ऐकलं गेलं ते विचारून या. सोमवारी मला लेखी द्या. सांगितलं गेलं असेल, तर मुदत नाही. मी अंदाजाने कर बसवीन."

हे उस्मानभाईंना मराठीत सांगावं लागलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "अंदाजानं बसला तर दुकान पुन्हा उघडायचं नाय," ते म्हणाले. "गूळ तर गेलाच. बापाचं दुकान हाय, भाऊसाहेब. मग दुसऱ्याच्या काट्यावर तोलाऱ्याचं काम बघायचं." आणि मलाच नमस्कार करून ते बाहेर पडले. त्या वेळी मी सहा शब्द बोललो असतो तरी ते सातही जण त्या दिवशी घरी जाऊन सुखाने जेवले असते. माझ्या पुढ्यात बारनिशीचं, आवकजावकीचं, बुक होतं. मी त्यात तोंड घातलं.

शनिवारी निघालो. आपल्याच गुन्ह्याचा तपास करायला सरकारी भत्त्यावर जाणारा माणूस माझ्याखेरीज कोणी झाला असेल असं वाटत नाही. मोटारीने चांदोरीला उतरलो आणि पलीकडे जायला होडीत बसलो. नदी आता अशी मवाळ झाली होती की हिने काही केलं असेल यावर विश्वास बसू नये. दोन्ही काठांवर गाळाची साय पसरलेली, तिच्यावर बगळ्यांच्या पायांची नक्षी. बाभळींच्या शेंड्यांवर गवताच्या पेंढ्या अडकल्या होत्या, कुठे एक लुगडं, कुठे एक टोपली. नावाडी वल्हं मारत नव्हता, नुसतं पाण्यात धरून बसला होता. नदी आपणहून आम्हाला नेत होती. मला वाटलं, ती अशीच मला सायखेड्यावरून पुढे नेईल, पैठणला नेईल, समुद्रात नेईल आणि सोमवार येणारच नाही.

काठाला लागायच्या आधी वास आला. गुळाचा. जणू जवळपास गुऱ्हाळ लागलंय. पण ऊस कुठे नव्हता आणि धूरही नव्हता.

उस्मानभाई काठावर उभे होते. "आमचा माल हाय तो," ते म्हणाले. "कोठीत पाणी शिरलं तवा तीनशेच्या वर ढेपा हुत्या. सकाळच्याला पाणी उतरलं, तर एक नाय. समद्या गंगेनं पिऊन टाकल्या. खालच्या अंगाची लोकं म्हनतात, दोन दिस पाणी गोड लागत हुतं."

"खरंच?"

"आता दुःखात असल्याल्या माणसाला लोक बरं वाटंल असंच बोलतात. पर मला आवडतं इस्वास ठिवायला."

त्यांच्या दुकानाकडे जाणाऱ्या बोळात जमीन हलताना दिसली. मी डोळे चोळले. मुंगळे होते. काळे, टपोरे, हजारो. भिंतीत जिथे जिथे गुळाचं पाणी मुरलं होतं तिथे तिथे ते चिकटले होते, आणि पाणी किती उंच चढलं होतं हे भिंतीवर काळ्या रेघेने साफ दिसत होतं. माझ्या खांद्याइतकं. सात दुकानं, पण रेघ एकाच दुकानाला. पंचनामा करायला आलेल्या तलाठ्यानेही म्हणे त्या मुंगळ्यांवरूनच फूटपट्टी लावली होती. आम्ही दोघे कडेकडेने, त्यांना पाय लागणार नाही असे चाललो. उस्मानभाई मला म्हणाले, "सांभाळून, भाऊसाहेब. सध्या मालक त्येच हायेत."

दुकानापुढच्या ओट्यावर त्यांच्या अम्मा बसल्या होत्या. वयाने वाळलेल्या, डोक्यावर पांढरी ओढणी, डोळ्यांत मोतीबिंदू. मी कोण हे उस्मानभाईंनी सांगितलं.

"तुम्हीच का ते सरकारचे?" त्या म्हणाल्या. "बसा. वह्या सोडा म्हणून मीच सांगितलं पोरांना. लिहिलेलं पायाखाली येऊ नये. आपण मेलो तर लोक आपल्याला खांद्यावर नेतात ना? तसं त्या सगळ्या डोक्यावर घेऊन गेले. आमची वही हिरव्या फडक्यात, त्यांच्या लाल फडक्यात. मी लोबान जाळला, त्या वाण्याच्या सुनेनं निरांजन ओवाळलं. संध्याकाळचं पाणी अगदी गप होतं. गाठोडी थोडा वेळ तरंगली, मग एकेक करून निजली. चुकलं का काही?"

मी म्हटलं, "नाही, अम्मा."

"मग साहेब का रागावले?"

याला उत्तर द्यायच्या आत उस्मानभाईंनी दवंडीवाल्याला बोलावून आणलं होतं. सखाराम त्याचं नाव. साठीचा, कमरेला डफ. त्याला वाटलं, त्याच्या कामाची तपासणी आहे. तो ताठ उभा राहिला.

"भाऊसाहेब, आजवर शंभरेक दवंड्या पिटल्या असतील. जप्ती, लिलाव, पटकी, गुरांची लस. ऐकून लोक दार लावून घेतात. पर ही दवंडी!" त्याने बोटांनी डफ हलका वाजवला. "लोक म्हनले, सखाराम, पुन्यांदा म्हन. चार बारीला पिटली. कोनी लिवली आसंल, त्याच्या हातावर सरस्वती हाय."

आणि त्याने ती म्हटली. गंगामाई दारी आली, वह्या-चोपड्यांना न्हाऊ घालून गेली. ओट्याखाली जमलेल्या बायका तालावर माना हलवू लागल्या. उस्मानभाई ओठांतल्या ओठांत बरोबर म्हणत होते. म्हातारा वाणीही येऊन उभा राहिला होता, तोही म्हणत होता. लेखकाला याहून काय हवं असतं? माझं लिखाण माझ्या डोळ्यांदेखत गावाच्या तोंडी खेळत होतं. 'नाव गाव धंदा लिहावा' आलं. आता इथे ते चौथं वाक्य येईल अशी वेडी आशा मला वाटून गेली. कदाचित नदीने आणून घातलं असेल. पण डफावर थाप पडली आणि सगळ्यांनी मिळून म्हटलं, "निवांत व्हावं हो!"

"एक अक्षर गाळलं नाय, भाऊसाहेब," सखाराम म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. "तू नाही गाळलंस."

अम्मा आत गेल्या होत्या, त्या चाचपडत बाहेर आल्या. हातात पितळेचा तांब्या आणि बशीत गुळाचा खडा. माळ्यावर तुळईला टांगलेल्या शिंक्यात एक अर्धी ढेप राहिली होती. कोठीतला तेवढाच गूळ नदीच्या हाती लागला नव्हता. "उन्हातून आलात," त्या म्हणाल्या. "घ्या, बेटा."

मी तो खडा तोंडात टाकला. गावाकडे पाहुण्याला गूळपाणी देतात यात विशेष काही नाही, मी शेकडो घरांत घेतलं आहे. पण त्या दिवशी तो गूळ काही केल्या विरघळेना. सगळी कोठी पाण्यात विरघळली, आणि माझ्या तोंडात एक खडा तसाच. उस्मानभाई समोर उभे होते. शेवटी इतकंच म्हणाले, "भाऊसाहेब, चांगलं लिवा. तुमच्या हाताला यश हाय म्हनत्यात."

परतीच्या होडीत मी मनात अहवाल रचायला घेतला. पहिल्या मजकुरात दोष सखारामचा होता: 'दवंडीवाल्याचा दम पुरला नसावा.' वाक्य सुरेख होतं. ठेक्यातही बसत होतं. मग त्याचा डफ डोळ्यांपुढे आला, त्या डफावर त्याचं पोट, आणि मी ते वाक्य पाण्यात टाकलं. दुसऱ्या मजकुरात दोष कोणाचाच नव्हता: 'अनवधानाने काही मजकूर राहून गेल्याचे दिसते.' सरकारी मराठीत ही मोठी सोय आहे. गोष्टी राहून जातात, कोणी ठेवत नाही. चांदोरीच्या काठाला लागेपर्यंत मी त्या वाक्याच्या सावलीत बसून होतो, आणि खरं सांगतो, तिथे फार गार वाटत होतं.

सोमवारी साहेबांपुढे जो कागद ठेवला त्यात अडीच ओळी होत्या. वह्या ठेवण्याची अट दवंडीत नव्हती. मूळ हुकमातून ती मी गाळली. गावाला ती कोणी सांगितली नाही.

साहेबांनी कागद वाचला, उलटा केला, मागे काही आहे का पाहिलं. "का गाळली?"

"सर, वाक्य जड होत होतं."

"जड?"

"डफावर बसत नव्हतं, सर."

साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मला वाटतं, कचेरीच्या इतिहासात हे कारण त्यांनी प्रथमच ऐकलं. "ती दवंडी म्हणून दाखवा," ते म्हणाले. मी म्हटली, हळू आवाजात, टेबलावर बोटं न वाजवता. मग इंग्रजीत अर्थ सांगितला, या वेळी पूर्ण. 'निवांत व्हावं' आलं तेव्हा त्यांनी हात वर केला.

"हे मी म्हटलं होतं?"

"नाही, सर."

"बरं," ते म्हणाले. "पण ते आता सरकारने म्हटलं आहे. सरकारला शब्द फिरवता येत नाही."

सातही जणांना मुदत मिळाली, दिवाळीनंतरच्या पंधरा दिवसांपर्यंतची. ती त्यांना का हवी होती तेही सांगतो. कोणताही सौदा दोन वह्यांत लिहिलेला असतो, देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या. उस्मानभाईंची वही नदीत निजली तरी नाशिकच्या अडत्यांच्या वह्यांत त्यांचं वर्ष जागं होतं. ते दुकानोदुकानी हिंडले, अडत्यांच्या ओट्यांवर बसून एकेक सौदा उतरवून घेतला आणि पत्रक भरलं. शेवटच्या दिवशी दाखल केलं, कचेरी बंद व्हायच्या तीन तास आधी. मी त्यावर शिक्का मारला तेव्हा शिक्का थोडा तिरपा पडला. त्यांनी विचारलं, "असा चालंल ना?" मी म्हटलं, "मी मारलाय, आता सरळच म्हणायचा." त्यांना काय घडलं ते मी तेव्हा सांगितलं. सगळं. त्यांनी शिक्क्याची शाई फुंकून वाळवली. मग म्हणाले, "अम्माला नका सांगू. तिला ती दवंडी लय आवडती."

माझं म्हणाल तर, हेडक्लार्क त्या वर्षअखेर निवृत्त व्हायचे होते आणि ती जागा माझी असं सगळी कचेरी धरून चालली होती. माझ्या सेवापुस्तकात साहेबांनी एक शेरा लिहिला. त्याचा तर्जुमा असा: 'प्रामाणिक. भाषेची आवड असल्याने कामावर लक्ष ठेवणे आवश्यक.' ती जागा धुळ्याहून आलेल्या एका गृहस्थांना मिळाली. त्यांना भाषेची आवड मुळीच नव्हती. ते फार वर गेले.

शेरा मिळाला त्या दिवशी घरी येऊन मी सौ.ला सगळं पहिल्यापासून सांगितलं. चौथं वाक्य, लबाड उत्तर, मुंगळे, अम्मा, अडीच ओळी, आणि गेलेली जागा. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. मला वाटलं, रागावली. जागेबरोबर वाढणार होती ती रक्कम तिने मनात कुठेकुठे लावून ठेवली असणार, हे मला ठाऊक होतं.

"जागा गेली याचं वाईट वाटलं का गं?" मी विचारलं.

"वाटणार नाही का?" ती म्हणाली. तिने तव्यावरची पोळी उलटली. "पण मधे कितीतरी दिवस तुम्ही झोपेत 'दाखल कराव्यात, दाखल कराव्यात' म्हणत होता. त्या सोमवारपासून गप्प निजता, मलाही झोप लागते. माझं म्हणाल, तर मुदत मलाही मिळाली. आता हात धुवा, पहिली पोळी निवतेय."